सिद्धूच्या नावचा ओ

अपेक्षाला तिच्या कंपनीत सगळे सीसीटीव्ही म्हणतात. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपैकी एकीत ती साफसफाईच्या लोकांवर देखरेख करते. ‘ताई, तिसरा मजला झाला’ असं कुणी फोनवर सांगितलं, तर दुसरी कुणी ‘झाला’ असं लिहून मोकळी झाली असती. ही जिना चढून तिसऱ्या मजल्यावर जाणार, एकेक दार ढकलून आत बघणार आणि मग खाली येऊन लिहिणार. लोक वैतागतात. मीही वैतागले होते, कारण माझ्या क्लासात तिचं वेगळंच खूळ. हजेरीला मी नाव पुकारलं तरी ती ओ द्यायची नाही. मी मान वर करून तिच्याकडे बघितलं की मगच ‘हजर’ म्हणायची. मला वाटलं, पोरगी शिष्ट आहे.

मी वृषाली. माहेर चांद्याचं, सासर हिंजवडीशेजारच्या माणचं. शाळेतली नोकरी सोडून आता घरीच इंग्रजीचा क्लास घेते. पुढच्या खोलीत फळा, वरच्या मजल्यावर भाडेकरू. माणमध्ये आता भातापेक्षा भाडेकरूंचं पीक बरं येतं. माझा राग नाकावर असतो असं अतुल म्हणतो, म्हणजे माझा नवरा. तो स्वतः फारसं तोंड उघडत नाही, म्हणून घर उभं आहे.

माझ्या संध्याकाळच्या वर्गाला कंपन्यांतले सुपरवायझर, हेल्पडेस्कवाले, सिक्युरिटीवाले येतात. यांना कविता नको असतात. यांना मेल लिहायची असते. लिफ्ट बंद आहे, पाणी येणार नाही, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आणि या प्रत्येक मेलच्या तोंडाशी एक शब्दप्रयोग पहारेकऱ्यासारखा उभा असतो, ‘ऑन बिहाफ ऑफ’. अमक्याच्या वतीनं. सगळ्यांना तो वापरायचा असतो आणि सगळे त्याची माती करतात. जुईली नावाच्या मुलीनं लिहिलं होतं, ‘ऑन बिहाफ ऑफ रेन, आय अॅम लेट.’ मी म्हटलं, अगं बाई, पावसानं तुला वकील नेमलंय का? तिथं ‘बिकॉज ऑफ’ हवं. निषादनं लिहिलं, ‘ऑन बिहाफ ऑफ मी, आय अॅम सॉरी.’ म्हटलं, स्वतःच्या वतीनं स्वतःच माफी मागतोस, मग मधे हा शब्द कशाला घातलास, नुसतं सॉरी म्हण आणि खाली बस.

त्यांना मी चौकातला फ्लेक्स दाखवते. ‘समस्त ग्रामस्थांच्या वतीने वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.’ ग्रामस्थांना कुणी विचारलेलं नसतं. एकदा तर त्या फ्लेक्सवर शुभेच्छा देणाऱ्यांत माझाच फोटो होता आणि मला पत्ताच नव्हता. मी जाऊन त्या पोरांना असं काही झापलं की पुढच्या वर्षी त्यांनी फोटो छापायच्या आधी घरी येऊन विचारलं, वर पेढेही आणले. तर वर्गाला मी हेच सांगते. दुसऱ्याच्या वतीनं लिहायचं तर तीन गोष्टी पाळा. त्याचं नाव उघड लिहा. खाली सही स्वतःची करा. आणि तुम्ही त्याच्या वतीनं बोलताय हे त्याला ठाऊक असू द्या. यातलं एकही चुकलं तर ते ‘ऑन बिहाफ ऑफ’ नव्हे, ती लबाडी.

हे मी फळ्यावर लिहीत होते तेव्हा मागून अपेक्षाचा आवाज आला. “मॅडम, आणि ज्याच्या वतीनं बोललो तो मेलेला असला तर?”

वर्ग हसला. मी वळून बघितलं. ती हसत नव्हती. मी म्हटलं, “मेलेल्याला ठाऊक कसं असणार? पुढचं वाक्य लिही.”

तिनं ते लिहिलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. तिची बाकीची वाक्यं सुरेख असायची, क्रियापदं जागच्या जागी, अक्षर टपोरं. ‘ऑन बिहाफ ऑफ’चं वाक्य आलं की तेवढी ओळ कोरी. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर बाकी सगळं तिला येत होतं, म्हणून मला जास्तच राग यायचा. कंपनीत शिफ्टचं इन्चार्ज होण्यासाठी लेखी परीक्षा होती आणि तिच्यात अशी एक मेल हमखास येणार होती. इन्चार्ज झाली की पगार वाढणार होता. आमच्या वरच्या मजल्यावरची कोपऱ्याची खोली तिनं ठरवून ठेवली होती, तिच्या आईसाठी. आई डोंगरावरून खाली यायला तयार नव्हती, तो भाग तिनं मला तेव्हा सांगितला नव्हता.

एकदा वर्ग सुटल्यावर मी तिला थांबवलं. म्हटलं, “आज ही ओळ लिहिल्याशिवाय तू घरी जायची नाहीस.” ती बसली, पेन उघडलं. बाहेर पाऊस धरून होता. मृग लागून आठवडा झाला होता आणि खिडकीच्या काचा आतून धुरकटल्या होत्या. तिनं काचेकडे बघितलं. मग तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “मॅडम, धुकं असलं की मला ऐकू येतं.”

“काय ऐकू येतं?”

“माझ्या वडलांच्या नावाची हाक.”

आमच्या घरी बुद्धवंदना होते. भुताखेतांना आमच्या उंबऱ्यात थारा नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आले आणि इतरांनाही ऐकवत आले. पण ती हे इतकं साधेपणानं म्हणाली की मी वाद घातला नाही. मी चहा टाकला. मग तिनं सगळं सांगितलं.

ताम्हिणीच्या घाटावर, धाब्यांच्या बरंच वर, धनगरांची पाच-सहा घरं होती. त्यातलं एक हिचं. वडील सिद्धू, आई भागूबाई. शेळ्या, थोडी नाचणी, पावसाळ्यात घोंगडी आणि इरली. तिथलं धुकं आपल्या इकडच्यासारखं नाही. हातातली काठी दिसत नाही, पुढची शेळी दिसत नाही. म्हणून त्या वाडीची एक रीत होती. दिवस बुडायला लागला की वाडीतला म्हातारा, बिरदेवआज्जा, उंच दगडावर उभा राहून डोंगरावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव घेऊन हाक मारायचा. ज्याचं नाव त्यानं ‘ओ’ द्यायचा. ओ आला की माणूस वाटेवर आहे असं धरायचं. नाही आला तर दिवट्या घेऊन बाहेर पडायचं.

कधी माणूस लांब असतो, वाऱ्यानं आवाज पोचत नाही. मग त्याच्या जवळ जो असेल त्यानं त्याच्यासाठी ओ द्यायचा. पण तो द्यायची पद्धत होती. ‘सिद्धूच्या नावचा ओ, मी अमुक’ असं म्हणायचं. दोन्ही नावं घ्यायची, आणि त्या माणसाला आपल्या डोळ्यांनी पाहिलं असेल तरच घ्यायची. आणखी एक होतं. ओ आला पण घरच्या बाईला शंका आली, तर तिनं दारातून दुसरी हाक मारायची. दुसऱ्या हाकेला ओ नाही आला तर शोधायला निघायचं.

“मॅडम, तुम्ही त्या दिवशी फळ्यावर लिहिलंत ना,” अपेक्षा म्हणाली, “नाव उघड, सही आपली. ते आमच्याकडं आधीपासून होतं.”

ती सातवीत होती तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यातली संध्याकाळ, दाट धुकं. ती वाडीजवळच्या उतारावर करडं आवरत होती. वडील वरच्या कड्याला मोठ्या शेळ्या घेऊन गेले होते. बिरदेवआज्जानं हाक दिली, ‘सिद्धूऽऽ’. ओ नाही आला. सिद्धूला धाब्यावर पीत बसायची सवय होती. शेळ्या परस्पर घराच्या वाटेला लावायच्या आणि आपण खाली उतरायचं. तसं झालं की भागूबाई त्याला जेवायला वाढायची नाही आणि घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोलायचं नाही. पोरीला ते नको होतं. तिला वाटलं, बाबा धाब्यावर आहेत, येतील. ‘सिद्धूच्या नावचा ओ, मी अपेक्षा’ असं म्हणता येत नव्हतं, कारण तिनं त्याला पाहिलं नव्हतं. म्हणून तिनं गळा जाड केला आणि बापाचाच ओ दिला.

आज्जानं पुढचं नाव घेतलं.

सिद्धू सकाळी सापडला, घळीत. पाय मोडला होता. डोक्याचा पटका सोडून त्यानं तो पायाला आवळून बांधला होता, नीट गाठ मारून. म्हणजे पडल्यावर तो बराच वेळ जिवंत होता. ती गाठ तिनं बघितली. सातवीतल्या पोरीनं ती गाठ बघितली, हो. मी चहाचा कप खाली ठेवला.

“आणि तू कुणाला सांगितलं नाहीस?”

“सांगणार होते. पण माणसं म्हणाली, सिद्धू तर तेव्हा घळीत होता, मग उतारावरून ओ कुणी दिला? आई सगळ्यांसमोर म्हणाली, त्यांचाच आवाज होता, मी ओळखला. मग सगळे म्हणाले, मेल्या माणसानं ओ दिला. झालं.”

तेव्हापासून तो उतार बाटला. धुक्यात तिथं कुणी नाव घेऊन हाक मारीना. खालच्या धाब्यावरचे लोक ड्रायव्हरना सांगायला लागले, वर कुणी ओ दिला तर थांबू नका. बिरदेवआज्जा वारला आणि हाकेची रीतच बंद पडली. एकेक घर खाली सरकलं, कुणी पौडला, कुणी हिंजवडीत कामाला. भागूबाई तेवढी राहिली. रोज दिवस बुडताना ती उतारावर उभी राहायची आणि नवऱ्याच्या नावानं हाक मारायची. गेल्या पावसाळ्यात घरामागं जमीन फाटली होती, दरड केव्हाही घरावर आली असती. तलाठी येऊन सांगून गेले. भागूबाई म्हणाली, ह्यांचा ओ येतुया तवर मी न्हाई यायची.

“मॅडम, ओ मी दिलेला,” अपेक्षा म्हणाली. “तिला सांगितलं तर ती खाली येईल. पण तिच्याकडं दुसरं काही नाही. तेवढा ओ आहे. तोही माझा निघाला तर ती कशावर जगेल?”

मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. मी म्हटलं, “आणि नाही सांगितलंस तर ती दरडीखाली जगेल का? उद्या रविवार आहे. आपण जाऊ.”

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. पौड सोडून धरणाच्या कडेनं स्कूटर ताम्हिणीला पोचेपर्यंत माझा सगळा दम भिजून गेला होता. धाब्याच्या मागून पायवाट वर जाते. अपेक्षा पुढं, मी मागं. थोड्याच वेळात ती मला दिसेना. मी म्हटलं, “अपेक्षा, कुठं आहेस?” उत्तर नाही. पुन्हा म्हटलं. तेव्हा हाताला हात लागला आणि ती कानाशी म्हणाली, “हितं नाव घेऊ नका, मॅडम.”

घर अजून उभं होतं. मागं गेल्यावर जमिनीची चीर दिसली, माझा पाय आत जाईल एवढी. भागूबाई ओट्यावर बसली होती, उंच, काटक बाई, कपाळावर जुनं गोंदण. मला बघून ती उठली नाही. “शाळंतल्या बाई का? बसा,” म्हणाली. शेळीचं दूध तापवून दिलं. दरडीचा विषय मी काढला तर म्हणाली, “बाई, दरड मला सांगून यील.” दुसऱ्यांदा काढला तर तिनं माझ्याकडे पाठ केली.

मग उजेड पिवळसर होत गेला आणि धुकं दारात येऊन बसलं. भागूबाई उठली, घोंगडी डोक्यावर घेतली आणि उताराकडे चालू लागली. आम्ही दोघी मागं. उताराच्या तोंडाशी ती थांबली. हाक मारायच्या आधी तिनं दोन्ही हात घोंगडीत घेतले, थंडी वाजल्यासारखे.

“सिद्धूऽऽऽ…”

मी आजवर बऱ्याच हाका ऐकल्यात. माझी सासू अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशी हाक मारायची. पण ही हाक समोरच्या पांढऱ्यात गेली आणि परत आलीच नाही. खाली कुठंतरी पाणी पडत होतं. माझे कान आपोआप ताठ झाले. मी, बुद्धवंदनेतली बाई, त्या क्षणी मनापासून ऐकत होते की ओ येतो का. आणि येऊ नये म्हणूनही विनवत होते. एक शेळी खोकली, तर मी अपेक्षाचा दंड धरला.

तो दंड माझ्या हातातून सुटला. अपेक्षा चार पावलं पुढं गेली, धुक्यात शिरली, मला दिसेनाशी झाली. मग तिचा आवाज आला, जाड नाही, स्वतःचा, फाटलेला.

“सिद्धूच्या नावचा ओ… मी अपेक्षा.”

भागूबाई हलली नाही.

“आई, त्या दिवशी बी मीच दिला व्हता. मी बाबांना बघितलं नव्हतं. बाबांनी ओ दिलाच न्हाई. मी दिला.”

मला वाटलं आता ही बाई कोसळेल. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले, धरायला. ती शांतपणे म्हणाली, “ठावं हाय.”

पाणी पडतच होतं. अपेक्षा धुक्यातून परत आली.

“मला तवाच कळलं व्हतं,” भागूबाई म्हणाली. “माज्या माणसाचा ओ मला कळायचा न्हाई व्हय? लेकीचा गळा कळायचा न्हाई? म्या वळखला. म्हनलं, बसला असंल धाब्यावर, पोरगी झाकतीया. म्हनलं बसू दे. येऊ दे भिजत. आज भाकर देत न्हाई.” तिनं तोंड उताराकडे वळवलं. “दुसरी हाक माजी व्हती. माजीच व्हती. राग आला व्हता म्हनून म्या दिली न्हाई.”

अपेक्षा म्हणाली, “मग ओ येतो म्हणायचीस ते?”

“कुटला आलाय ओ. येकदा बी न्हाई आला. त्या दिवशीची ऱ्हायलेली हाक मारती मी.”

“आणि लोकांना का सांगितलंस, त्यांचाच आवाज म्हणून?”

“मग काय सांगू? समदी इचारत व्हती, ओ कुनी दिला. तुज्याकडं बघाया लागली व्हती. जलमभर बोट दावलं असतं तुला. म्हनलं त्यांचा व्हता.” मग माझ्याकडे वळून, जणू मी तिला जाब विचारला होता, “मेल्या मानसाला काय बोल लागतुया, बाई?”

ते भूत या बाईनं उभं केलं होतं. लेकीला वाचवायला. आणि लेक त्याच भुताला भिऊन मोठी झाली, डोंगर ओस पडला, आणि दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत राहिल्या. मी वर्गात मोठ्या तोंडानं सांगते, ज्याच्या वतीनं बोलाल त्याला ठाऊक असू द्या. हिनं लेकीच्या वतीनं इतकी वर्षं बोलून ठेवलं होतं आणि लेकीला पत्ता नव्हता. मला तिचा इतका राग आला, आणि तिच्या पाया पडावंसं वाटलं, दोन्ही एकदमच.

मायलेकी एकमेकींना बिलगल्या वगैरे नाहीत. डोंगरावरची माणसं तशी बिलगत नाहीत. भागूबाईनं घोंगडीचं टोक उचलून लेकीच्या डोक्यावर टाकलं, इतकंच. मग म्हणाली, “तू मार आता हाक. मी ओ देती.”

अपेक्षानं बापाच्या नावानं हाक मारली. आणि भागूबाईनं रीतीप्रमाणे सावकाश ओ दिला. “सिद्धूच्या नावचा ओ, मी भागू. म्या बगितलाय. घळीत बगितलाय.”

त्या आठवड्यात भागूबाई खाली आली, आमच्या कोपऱ्याच्या खोलीत. शेळ्या दिराला दिल्या, एक तेवढी दोरी धरून घेऊन आली, ती आता माझ्या अंगणात बांधलेली असते आणि माझी जास्वंद खाते. अतुलला मी म्हटलं, बोल काहीतरी. तो म्हणाला, जास्वंद तशीही येत नव्हती. श्रावण लागायच्या आत चीर फाकली आणि मागची भिंत घेऊन घर खाली गेलं. धाब्यावरच्या माणसानं फोन करून कळवलं. भागूबाईनं ऐकलं आणि भाकरी थापत राहिली.

अपेक्षानं परीक्षा दिली. मेल आलीच होती, साफसफाईच्या विभागाच्या वतीनं सगळ्या कर्मचाऱ्यांना कळवायची. तिनं लिहिलं, ‘ऑन बिहाफ ऑफ द हाउसकीपिंग टीम, आय इन्फॉर्म यू दॅट ऑल फ्लोअर्स आर क्लीन. आय हॅव सीन देम.’ आणि खाली स्वतःचं नाव. तपासणाऱ्या साहेबानं शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं होतं, याची गरज काय? तरी ती पास झाली. शिफ्टची इन्चार्ज झाली. मला पेढे दिले तेव्हा म्हणाली, “धुकं असलं की अजून ऐकू येतं, मॅडम. पण आता ते बाबांच्या नावाचं नसतं. आईचा आवाज असतो.” मी म्हटलं, तो खराच असतो, सगळ्या माणला ऐकू येतो.

खरंच येतो. दिवस बुडायला लागला की भागूबाई वरच्या गॅलरीत उभी राहते. समोर शेत नाही, डोंगर नाही, काचेच्या इमारती आणि त्यांच्या पायाशी अडकलेल्या गाड्या. ती नाव घेऊन हाक मारते, ‘अपेक्षाऽऽ’. कंपनीची बस कोपऱ्यावर सोडते तिथून ओ येतो. पहिल्यांदा भाडेकरू दात काढायचे. नागपूरकडचा एक पोरगा तिची नक्कल करायचा. आता तोच कधी उशीर झाला तर खालून स्वतःहून ओरडतो, “आजी, मी आलो.” भागूबाई त्याला वाकून बघते, मग आत जाते.

परवा गुरुवारी पाऊस असा होता की समोरची इमारत दिसत नव्हती. गॅलरीतून हाक गेली. ओ नाही आला. मी खाली वर्ग घेत होते. अपेक्षाचा फोन लावला, बंद. कामं असतात, बस अडकते, रस्त्यात गुडघाभर पाणी असतं, हे आपल्याला कळतं. म्हातारी उगाच जिवाला घोर लावून घेईल म्हणून मी दारात जाऊन वर तोंड केलं आणि म्हटलं, “अपेक्षाच्या नावचा ओ, मी वृषाली. येईल हो, बसमध्ये असेल.”

भागूबाईनं गॅलरीतून खाली बघितलं. पाणी तिच्या चेहऱ्यावरून गळत होतं.

“डोळ्यानं बगितली तुमी?”

“नाही, पण…”

“मग कशापाई ओ देता, बाई?”

तिनं दुसरी हाक मारली. मग जिन्यावर पावलं वाजली. घोंगडी डोक्यावर घेऊन ती माझ्यासमोरून फाटकाबाहेर गेली, चपला न घालता. वर्ग माझ्याकडे बघत होता. मी खडू टाकला आणि छत्रीसुद्धा न घेता तिच्या मागं धावले.

चौकात गाड्यांचं लेंढार अडकून पडलं होतं. भागूबाई त्या गाड्यांच्या मधून चालत होती आणि हाक मारत होती. हॉर्न वाजत होते, काचा खाली करून कुणीतरी हिंदीत शिवी दिली. ती थांबली नाही. चौक ओलांडून, पाणी तुडवत, कंपन्यांच्या फाटकांच्या दिशेनं. मी तिच्या घोंगडीचं टोक धरून होते. आणि मग बंद पडलेल्या एका बसच्या पलीकडून, पांढऱ्या पावसातून ओ आला.

“ओऽऽ. मी अपेक्षा.”

मी थांबले. माझ्या मते झालं होतं. भागूबाई थांबली नाही. आवाजावर तिचा भरवसा उरलेला नाही. ती बसला वळसा घालून गेली, लेक समोर दिसली तरी चालत राहिली, अगदी जवळ पोचली, तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग त्या पाण्यात खाली वाकली आणि हातानं चाचपून तिचे दोन्ही पाय बघितले.